पार्ट वाकडा का येतो: मोल्डिंगवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने मोल्डमध्ये (साच्यात) भरून पार्ट काढण्याचं काम. मोल्ड उघडला, पार्ट काढला, हातात धरून पाहिला तर सरळ. अर्ध्या तासाने तोच पार्ट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं की समोरचा कोपरा वर उठतो. बोट सोडलं की टक्‌. मोल्डिंगमध्ये आलेल्या माणसाला हा आवाज पहिल्या महिन्यातच ऐकू येतो, आणि तो ऐकून जवळजवळ प्रत्येक जण एकच काम करतो: मशीनपाशी जाऊन होल्ड प्रेशर (मोल्ड भरत आल्यावर आतल्या मालावर धरून ठेवलेला दाब) वाढवतो. थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, म्हणून आणखी वाढवतो. शिफ्ट संपेपर्यंत पार्ट वाकडा तो वाकडाच, वर पार्टिंग लाइनवर (मोल्डच्या दोन भागांच्या जोडावर) फ्लॅश, म्हणजे बाहेर सुटलेली प्लास्टिकची पातळ कड, सुरू झालेला, आणि सकाळी सेटिंग काय होतं हे कुणालाच आठवत नाही.

मीही हे केलंय, एकदा नव्हे. म्हणून या लेखात बरीचशी जागा वाकडेपणाला, म्हणजे वार्पेजला दिली आहे. तो सगळ्यात चकवणारा दोष आहे. बाकीचे दोष त्यामानाने सरळ आहेत, ते शेवटी भराभर घेऊ.

आधी एक हिशेब

वितळलेलं प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. एबीएस साधारण ०.४ ते ०.७ टक्के, पॉलिकार्बोनेट ०.५ ते ०.७ टक्के, पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के, एसिटल २ टक्क्यांच्या आसपास. एबीएस, पॉलिकार्बोनेट, पॉलिस्टायरीन ही अमॉर्फस जात, कमी आक्रसते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, नायलॉन, एसिटल ही सेमी-क्रिस्टलाइन जात. थंड होताना यांच्या रेणूंच्या साखळ्या घड्या घालून दाटीवाटीने बसतात, त्यामुळे जास्त आक्रसते. मोल्ड बनवणारा हा श्रिंकेज (आक्रसणं) धरूनच कॅव्हिटी (पार्टच्या आकाराची पोकळी) मोठी कापतो.

पार्ट सगळीकडे सारखा आक्रसला तर तो फक्त लहान होईल, वाकणार नाही. वाकतो तो एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त आक्रसल्यामुळे. हा फरक किती लागतो ते पाहा. २ मिमी जाडीची आणि ३०० मिमी लांबीची पट्टी घ्या. तिची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त ०.१ टक्का जास्त आक्रसली, म्हणजे ३०० मिमीत ०.३ मिमीचा फरक पडला, तरी पट्टीच्या मध्याला साडेपाच मिमीचा बाक येतो. ०.३ मिमी डोळ्याला दिसणारही नाही. साडेपाच मिमी मात्र ग्राहकाला लांबून दिसतात.

तेव्हा वाकडा पार्ट समोर आला की ‘श्रिंकेज कमी कसं करू’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा. कोणता भाग जास्त आक्रसला आणि का, एवढंच शोधायचं.

पायरी १: स्क्रीनला हात लावण्याआधी पार्ट वाचा

सलग पाच शॉट (मोल्ड एकदा भरला की निघणारा माल म्हणजे एक शॉट) बाजूला काढा. मार्करने प्रत्येकावर शॉट नंबर, कॅव्हिटी नंबर आणि वेळ लिहा. मोल्ड चार कॅव्हिटीचा असेल तर चारही कॅव्हिट्यांचे पार्ट वेगळे ठेवा. मग तीन गोष्टी बघा.

दोष प्रत्येक शॉटला आहे की अधूनमधून? प्रत्येक शॉटला, त्याच जागी, तसाच येत असेल तर कारण पक्कं बसलेलं आहे: मोल्ड, कूलिंग, डिझाइन किंवा एखादं चुकीचं सेटिंग. अधूनमधून येत असेल तर काहीतरी हलतंय: दाण्यातली (कच्च्या प्लास्टिकच्या दाण्यातली) ओल, चेक रिंगची (माल मागे जाऊ न देणाऱ्या, स्क्रूच्या टोकावरच्या रिंगची) गळती, हाताने चालवल्या जाणाऱ्या मशीनवर कमीजास्त होणारा सायकल टाइम.

दोष एकाच कॅव्हिटीत आहे का? एकाच कॅव्हिटीत असेल तर स्क्रीनवर तासभर घालवू नका. त्या कॅव्हिटीचं गेट (माल आत शिरायचं तोंड), व्हेंट (हवा बाहेर जायची फट) किंवा पाण्याची लाइन बघा. मशीनचं सेटिंग चारही कॅव्हिट्यांना एकच मिळतं.

आणि दोष गेटपासून किती लांब आहे? गेटपाशी असेल तर स्पीड, गेटचा आकार आणि होल्ड यांच्याकडे बोट जातं. टोकाला असेल तर भरणं, हवा बाहेर पडणं आणि टोकापर्यंत प्रेशर पोचणं यांच्याकडे.

वाकडेपणा मोजायला सरफेस प्लेट (अगदी सपाट पाट) आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) पुरतं. पार्टवर तीन-चार जागा ठरवा आणि रोज त्याच जागी मोजा. ‘काल बरा होता’ यापेक्षा ‘काल डाव्या कोपऱ्यात १.२ मिमी, आज १.८’ हे कामाचं. कधी मोजता तेही ठरवा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन मोल्डमधून निघाल्यावरही एक-दोन दिवस आक्रसत राहतात, त्यामुळे गरम पार्टचं माप खरं धरू नका. शिफ्टमध्ये लवकर अंदाज हवा असेल तर नेहमी ठरावीक वेळाने, म्हणजे समजा अर्ध्या तासाने मोजा. पास-नापास मात्र २४ तासांनंतरच्या मापावर ठरवा. नायलॉनचा स्वभाव उलटा. तो हवेतली ओल पिऊन नंतर थोडा फुगतो.

पायरी २: दाणा तपासा

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि म्हणूनच सगळे ती सोडून देतात. बॅगवरचा ग्रेड आणि लॉट नंबर पाहा. कालपासून लॉट बदललाय का? रिग्राइंड (दळून परत वापरलेला माल) किती टक्के घातलाय, आणि तो मोजून की घमेल्याने? मास्टरबॅच (रंगाचा दाणा) बदललाय का? काही रंगद्रव्यं, विशेषतः काही निळी आणि हिरवी, पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनमध्ये क्रिस्टल जमण्याची पद्धतच बदलतात. मग त्याच मोल्डमध्ये, त्याच सेटिंगवर नैसर्गिक रंगाचं झाकण सरळ येतं आणि निळं वाकतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आता ओल. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाणी पीत नाहीत, त्यांना सहसा वाळवावं लागत नाही. एबीएस ८० अंशांवर २ ते ४ तास वाळवा. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर ३ ते ४ तास, ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली यायला हवी. नायलॉन ८० अंशांवर, ओल ०.२ टक्क्यांच्या खाली. पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) सगळ्यात नाजूक, त्याला ०.००५ टक्क्यांपर्यंत खाली न्यावं लागतं आणि त्यासाठी साधा गरम हवेचा हॉपर चालत नाही, कोरडी हवा देणारा ड्रायर लागतो. नेमके आकडे दाण्याच्या डेटाशीटवर असतात, तेच अंतिम माना. आणि चार तास वाळवलेला दाणा उघड्या बादलीत ठेवला तर तो पुन्हा ओल धरतो. मग ते चार तास वाया.

एक सुरक्षेची गोष्ट इथेच सांगतो. एसिटल आणि पीव्हीसी एकाच बॅरलमध्ये (माल वितळवणाऱ्या नळीत) कधीही एकत्र येऊ देऊ नका. एसिटल बिघडलं की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, पीव्हीसी बिघडलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ, आणि हे आम्ल एसिटलला आणखी वेगाने बिघडवतं. बॅरलमधला दाब अचानक वाढून नोझलमधून किंवा हॉपरमधून गरम माल उडू शकतो. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पॉलिथिलीनसारख्या मालाने पूर्ण पर्ज करा, म्हणजे जुना माल ढकलून बाहेर काढा. पर्ज करताना चेहऱ्यावर शिल्ड, हातात मोजे, आणि नोझलच्या समोर कुणीही उभं नको.

पायरी ३: पाया पक्का करा

वार्पेजच्या मागे लागण्याआधी मशीन नीट भरतंय का ते ठरवून घ्या. तीन साध्या चाचण्या आहेत.

पहिली, भरण्याची. होल्ड प्रेशर शून्यावर किंवा मशीन जितकं खाली जाऊ देईल तितकं खाली घ्या आणि शॉट साइज असा ठेवा की पार्ट ९५ ते ९८ टक्के भरेल, टोकाला थोडासा शॉर्ट (अपुरा) राहील. इथेच स्पीडवरून प्रेशरवर जायचं, म्हणजे हाच तुमचा स्विचओव्हर. उरलेला भाग होल्ड भरतो. स्विचओव्हर उशिरा ठेवला तर मोल्डवर प्रेशरचा ठोसा बसतो आणि फ्लॅश येतो. फार लवकर ठेवला तर टोक होल्डच्या मंद वेगाने भरतं आणि तिथे श्रिंकेज जास्त राहतं. मोल्ड खोल असेल आणि अर्धवट भरलेला पार्ट आत अडकण्याची भीती असेल तर ही चाचणी जपून करा.

दुसरी, गेट गोठण्याची. होल्ड टाइम कमी ठेवून सुरू करा, समजा २ सेकंद, आणि एकेक सेकंदाने वाढवत जा. प्रत्येक वेळी रनर (गेटपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला भाग) तोडून फक्त पार्टचं वजन करा. वजन वाढत जाईल आणि एका ठिकाणी थांबेल. थांबलं म्हणजे गेट गोठलं. उदाहरणार्थ ६ सेकंदांनंतर वजन हललं नाही तर होल्ड ७ सेकंद ठेवा. गेट गोठण्याआधी होल्ड सोडला तर माल मागे रनरमध्ये सरकतो आणि पार्ट दर शॉटला वेगळा आक्रसतो. सायकल तेवढीच ठेवायची असेल तर होल्डमध्ये वाढवलेले सेकंद कूलिंगमधून वजा करा. या चाचणीला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा, किराणा तोलायचा चालणार नाही.

तिसरी, कुशन. होल्ड संपल्यावर स्क्रूच्या पुढे थोडा माल शिल्लक राहिला पाहिजे, बहुतेक मशीनवर ३ ते ६ मिमी. कुशन दर शॉटला बदलत असेल किंवा शून्यावर जात असेल तर चेक रिंग झिजली आहे. तशा रिंगवर वार्पेज, सिंक (वर पडणारा खड्डा), शॉर्ट यातलं काहीही स्थिर बसणार नाही. आधी ती बदला.

पायरी ४: वाकडेपणा कुठून येतोय

आता मूळ विषय. फरक पडायची चार ठिकाणं असतात: दोन बाजूंचं तापमान, जाडी, मालाच्या वाहण्याची दिशा आणि गेटपासून टोकापर्यंतचं प्रेशर. पार्ट कसा वाकलाय यावरून यातलं कोणतं हे बऱ्याचदा सांगता येतं.

तापमानापासून सुरुवात करा, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा घोळ तिथेच निघतो. नियम लक्षात ठेवायला सोपा: पार्ट गरम बाजूकडे वाकतो. कोअरची (पार्टची आतली बाजू घडवणाऱ्या मोल्डच्या भागाची) बाजू गरम असेल तर पार्टची ती बाजू उशिरा गोठते, बाहेर आल्यावर जास्त आक्रसते आणि आपल्याकडे ओढून घेते. पोकळ, म्हणजे वाटीसारखी आत गेलेली दिसणारी बाजू ती गरम बाजू.

चौकोनी डबा हे याचं हमखास उदाहरण. डब्याच्या चारही भिंती मध्यभागी आत दबलेल्या दिसतात. कारण कोपऱ्यात आहे. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला कोअरची धार असते, तिच्यावर दोन भिंतींची उष्णता येते आणि ती वाहून न्यायला पोलाद थोडंच. बाहेरच्या बाजूला कॅव्हिटीचं पोलाद भरपूर. त्यामुळे कोपऱ्याची आतली बाजू गरम राहते, जास्त आक्रसते, नव्वद अंशांचा कोपरा अठ्ठ्याऐंशीवर येतो आणि भिंती आत जातात. इथे होल्ड प्रेशरने फार काही साधत नाही. कोअरच्या आत पाणी न्यावं लागतं, बॅफल किंवा बबलर (कोअरच्या आत पाणी फिरवणारी पट्टी किंवा नळी) टाकून. नाहीतर कोपऱ्यात बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट, जो पोलादापेक्षा उष्णता कितीतरी लवकर ओढतो. हातात फक्त सेटिंगच असेल तर कोअरचं पाणी कॅव्हिटीपेक्षा १०-१५ अंश गार ठेवून पाहा.

मोजायचं कसं? मशीन १५-२० मिनिटं सलग चालू द्या, मग थांबवा, गार्ड उघडा आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागावर स्पर्शाचा पायरोमीटर टेकवून चार-पाच जागी तापमान घ्या. पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर इथे वापरू नका. पॉलिश केलेलं पोलाद आरशासारखं असतं, तो तुम्हाला मोल्डऐवजी आजूबाजूचंच तापमान सांगतो. चिलरच्या डिस्प्लेवरचा आकडाही मोल्डचा नसतो, तो टाकीतल्या पाण्याचा असतो.

एक प्रसंग सांगतो. लांबट पॉलिप्रॉपिलीनचं झाकण होतं, मोल्ड मेंटेनन्सहून परत आला आणि झाकणं केळ्यासारखी वाकायला लागली. कोअरची बाजू पोकळ, म्हणजे कोअर गरम. मी पाइपांना हात लावून पाहिले. कोअरचे दोन्ही पाइप गार लागले, म्हणून पाणी चालू आहे असं धरून पुढे गेलो आणि होल्ड, स्पीड, मेल्ट टेंपरेचर या सगळ्यांशी दीड शिफ्ट झुंजलो. शेवटी एका जुन्या फिटरने विचारलं, ‘दोन्ही गार कसे काय?’ पाणी आत गार जातं, उष्णता घेऊन बाहेर येतं. बाहेर येणारा पाइप निदान थोडा तरी कोमट लागायला हवा. बघितलं तर कोअरच्या लाइनची दोन्ही टोकं पुरवठ्याच्याच मॅनिफोल्डला जोडलेली. दोन्हीकडून सारखंच प्रेशर, त्यामुळे पाणी जागेवरच उभं. एक पाइप काढून रिटर्नला लावला आणि वीस मिनिटांत झाकण सरळ.

तेव्हापासून मी मोल्ड चढवल्यावर प्रत्येक लाइनचा रिटर्न एकदा बादलीत सोडून पाहतो. मिनिटाला किती लिटर येतं ते लिहून ठेवतो. आत आणि बाहेरच्या पाण्यात २-३ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर प्रवाह कमी पडतोय. पाणी नुसतं असून भागत नाही, ते घुसळत वाहायला हवं. संथ वाहणारं पाणी भिंतीपाशी उष्णतेचा थर धरून बसतं. आणि चॅनेलमध्ये चुन्याचा थर साचला असेल तर चिलर कितीही गार करा, उपयोग नाही. क्षाराचा १ मिमी थरही उष्णतेला मोठा अडसर आहे.

दुसरं ठिकाण जाडी. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: भिंत दुप्पट जाड तर वेळ चौपट. २ मिमीची भिंत आणि मध्येच ४ मिमीचा पट्टा असेल तर पट्टा खूप उशिरा गोठतो आणि आधीच घट्ट झालेल्या भिंतीला ओढतो. रिबचंही (भिंतीला मजबुती देणाऱ्या उभ्या पट्टीचंही) तेच. रिब भिंतीपेक्षा जाड असेल तर पार्ट रिबच्या बाजूला वाकतो. फार बारीक असेल तर रिब आधी गोठते आणि पार्ट उलट्या बाजूला. हे मोल्डमध्ये कापलेलं असतं, सेटिंगने सुटत नाही. नव्या माणसाने एवढं तरी करावं: पार्ट कापून व्हर्नियरने जाडी मोजावी आणि ड्रॉइंगशी ताडून पाहावी. कोअर सरकल्यामुळे एका बाजूला १.८ आणि दुसऱ्या बाजूला २.२ असं निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

तिसरं, वाहण्याची दिशा. ग्लास फिल्ड मालात हे सगळ्यात ठळक. काचेचे तंतू लाकडाच्या ओंडक्यांसारखे प्रवाहाच्या दिशेने तरंगत जातात आणि त्या दिशेत आक्रसण्याला विरोध करतात. ३० टक्के ग्लास असलेला नायलॉन ६६ प्रवाहाच्या दिशेत साधारण ०.३ ते ०.५ टक्के आक्रसतो, आडव्या दिशेत त्याच्या दुपटीने किंवा त्याहून जास्त. मध्यभागी गेट असलेली गोल चकती घ्या. तंतू मध्यापासून कडेकडे पसरले, त्यामुळे त्रिज्या कमी आक्रसली आणि घेर जास्त. घेर लहान पडला की चकती वाटीसारखी होते. ग्लास नसलेल्या मालात बरेचदा उलटं होतं, प्रवाहाच्या दिशेत श्रिंकेज जास्त; मग घेर उरतो आणि चकती खोगिरासारखी, दोन कडा वर आणि दोन खाली, अशी होते. वाटी की खोगीर एवढं पाहून कारणाची दिशा कळते. उपाय मुख्यतः गेटची जागा बदलण्याचा. लांब पार्ट असेल तर मध्यावर गेट देण्याऐवजी एका टोकाला दिलं तर तंतू एकाच दिशेत राहतात आणि पार्ट बराच सरळ येतो.

चौथं, प्रेशर. गेटपाशी प्रेशर जास्त आणि टोकाला कमी, त्यामुळे टोक जास्त आक्रसतं. होल्ड वाढवला की सगळीकडचं श्रिंकेज कमी होतं, पण गेटपाशी ते आणखी कमी होतं, आणि फरक कधीकधी उलट वाढतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या शिफ्टमध्ये हेच झालेलं असतं. करून पाहायचं असेल तर होल्ड २० टक्के वर आणि २० टक्के खाली, असे दोन्हीकडे पाच-पाच शॉट घ्या. बदल केल्यावर पहिले आठ-दहा शॉट फेकून द्या, मोल्ड स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. खाली नेल्यावर वाकडेपणा कमी झाला तर गेटपाशी ओव्हरपॅक होत होतं, म्हणजे माल गरजेपेक्षा जास्त दाबला जात होता. तेव्हा होल्ड उतरत्या पायऱ्यांनी द्या: सुरुवातीला पूर्ण, मग टप्प्याटप्प्याने कमी.

आणि कूलिंग टाइम? तो ५-१० सेकंदांनी वाढवून नक्की पाहा, पण चाचणी म्हणून. वाकडेपणा लगेच बराच कमी झाला तर पार्ट मऊ असताना बाहेर काढला जात होता. इजेक्टर पिनांच्या जागी पांढरे डाग किंवा फुगवटे दिसत असतील तर पार्ट मोल्डला चिकटतोय आणि पिना त्याला ढकलून वाकवतायत. मग ड्राफ्ट (पार्ट सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार), पॉलिश आणि अंडरकट (पार्ट अडकवणारी खाच) बघा. कूलिंग वाढवूनही फरक पडला नाही तर वरच्या चारपैकीच काहीतरी आहे.

जिगमध्ये दाबून थंड करण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळीकडे ते चालतं. गरम पार्ट लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत दाबून ठेवला की सरळ राहतो. ऑर्डर अडली असेल तर करा. पण ताण आत तसाच असतो. असा एक पार्ट ओव्हनमध्ये ७०-८० अंशांवर तासभर ठेवून पाहा. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर बहुधा तो पुन्हा वाकायला लागतो. उन्हात तापलेल्या गोदामातही तेच होणार.

पायरी ५: सिंक आणि व्हॉइड

हे दोघे वार्पेजचे सख्खे भाऊ. जाड भाग आतून आक्रसला आणि वरची साल मऊ असली तर साल आत ओढली जाते, तो सिंक. साल घट्ट असली तर ती जागची हलत नाही आणि आत पोकळी तयार होते, तो व्हॉइड. म्हणून मोल्ड गार करून सिंक घालवला की कधीकधी आत व्हॉइड आलेला असतो. वरून छान दिसतं आणि स्क्रू कसताना बॉस (स्क्रू बसायचा उंचवटा) फुटतो.

सिंकवर आधी गेट गोठण्याची चाचणी, मग होल्ड. रिब मुख्य भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीची असावी, पॉलिप्रॉपिलीनसारख्या मालात त्याहूनही कमी. आणि गेट जाड भागात असावं. पातळ भागातून जाड भाग भरायचा असेल तर पातळ आधी गोठतो आणि जाडापर्यंत प्रेशर पोचतच नाही.

पारदर्शक पार्टमध्ये बुडबुडा दिसला तर तो व्हॉइड की वायूचा बुडबुडा हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. तो भाग कापून घ्या आणि हॉट एअर गनने हळूहळू मऊ करा. व्हॉइड निर्वात असतो, तो दबतो. बुडबुड्यात वायू असतो, तो फुगतो. पहिल्याचा इलाज होल्डमध्ये, दुसऱ्याचा वाळवण्यात आणि बॅक प्रेशरमध्ये (स्क्रू माल घेत मागे येताना त्याला रोखणाऱ्या दाबात).

बाकीचे, भराभर

शॉर्ट शॉट: प्रत्येक वेळी त्याच जागी येत असेल तर आधी व्हेंट पाहा, कोंडलेली हवा मालाला पुढे जाऊ देत नाही. जागा बदलत असेल तर कुशन आणि दाण्याचा पुरवठा.

फ्लॅश: क्लॅम्प टनेज (मोल्ड बंद धरणारं बळ) पुरतं का ते हिशेबाने पाहा. पार्ट आणि रनर मिळून समोरून दिसणारं क्षेत्रफळ २०० चौरस सेमी आणि कॅव्हिटीतलं प्रेशर ३०० बार असेल तर मोल्ड उघडायला लावणारं बळ सुमारे ६० टन. यावर थोडा राखीव हवा. टनेज पुरेसं असूनही एकाच जागी फ्लॅश येत असेल तर पार्टिंग लाइन दबली आहे किंवा मध्ये कचरा अडकलाय. टनेज वाढवत गेलात तर दबलेली लाइन आणखी दबेल आणि व्हेंटही बंद होतील.

चंदेरी रेषा: बहुतेक वेळा ओल. दाणा नीट वाळवूनही आल्या तर बॅरलमध्ये माल जास्त वेळ शिजतोय किंवा बारीक गेटमधून फार वेगाने ढकलला जातोय. मोठ्या मशीनवर लहान पार्ट चालवू नका; एका शॉटला बॅरलच्या क्षमतेचा निदान ३० टक्के माल लागावा.

जळाल्याचा काळा डाग, टोकाला किंवा कोपऱ्यात: कोंडलेली हवा इतक्या झटक्यात दाबली जाते की ती तापून प्लास्टिक जाळते, डिझेल इंजिनात होतं तसं. व्हेंट साफ करा आणि शेवटच्या टप्प्यात स्पीड कमी करा. व्हेंटची खोली मालावर ठरते: नायलॉनसाठी ०.०१ ते ०.०२ मिमी, एबीएससाठी ०.०३ ते ०.०५ मिमी. व्हेंट पितळी ब्रशने साफ करा, पोलादी तारेने खरवडू नका.

वेल्ड लाइन: भोकाच्या पलीकडे दोन प्रवाह भेटतात तिथली रेघ. पूर्ण जात नाही. मेल्ट आणि मोल्डचं तापमान वाढवून, वेगाने भरून ती फिकी आणि मजबूत करता येते. ती स्क्रूच्या बॉसवरून जात असेल तर गेट हलवण्याचा विषय काढा.

जेटिंग: गेटसमोर मोकळी जागा असेल तर माल नागमोडी दोरीसारखा आत उडतो आणि तशीच खूण उमटते. गेट ओलांडेपर्यंत स्पीड हळू, नंतर वाढवा. कायमचा उपाय म्हणजे गेटसमोर भिंत किंवा पिन येईल अशी जागा.

काळे ठिपके: बॅरलमध्ये चिकटून राहिलेला जळका माल. पर्ज करा, आणि मशीन बंद करताना तापमान पूर्ण ठेवून माल तसाच सोडून जाऊ नका.

नोंदवही

एका वेळी एकच बदल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणी पाळत नाही. मला पाळायला लावलं ते एका साध्या वहीने. मशीनला टांगलेली, प्रत्येक ओळीत वेळ, काय बदललं, किती होतं, किती केलं, पाच पार्टचं वजन, वाकडेपणाचं माप. दोन मोल्ड टेंपरेचर, कोअर आणि कॅव्हिटी वेगवेगळी. रिटर्नच्या पाण्याचं तापमान. आणि शेवटच्या रकान्यात, फरक पडला नसेल तर, ‘परत आधीसारखं केलं’ असं लिहून सही. हा रकाना नसेल तर सहा निरुपयोगी बदल सेटिंगमध्ये तसेच राहतात आणि पुढच्या वेळी मोल्ड चढला की सातवा दोष त्यातूनच निघतो.

मोल्ड उतरवताना शेवटचा पूर्ण शॉट, रनरसकट, तारीख घालून मोल्डबरोबर ठेवा. पुढच्या वेळी पहिला शॉट निघाला की दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.